मास्तरांची डबल

बोलणं संपलं की ते टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायचे. म्हणजे विषय संपला, चला पुढं. चहा झाला की टकटक, फोन ठेवला की टकटक. परंड्याच्या एसटीत उभी हयात कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाची ही डबल बेल! नोकरी सुटली तरी सवय न सुटलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही.

मी तेव्हा रक्तदाबावरच्या एका संशोधनात नर्स होते. बीपीच्या पेशंटना अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचायच्या आणि आधी नि नंतर सोलापूरला नेऊन एमआरआयमध्ये मेंदूची चित्रं काढायची, काही फरक पडतो का बघायला. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना नुसत्या टोचल्यासारख्या. टोचणारे डॉक्टर वेगळे, त्यामुळं कोणाला कोणत्या, हे मलाही ठाऊक नसायचं.

"म्हंजी गाडीत विनातिकीट कोण हाय, ते तुमाला बी म्हाईत न्हाय?" मास्तर म्हणाले. "लई अवघड हाय, ताई."

त्यांना यातून एकच गोष्ट हवी होती. स्टँडवर चक्कर येऊन पडल्यापासून लेक त्यांना एकटं एसटीत बसू देत नव्हती. सोनारीच्या भैरवनाथाला जायचं तरी जावयाची मोटार. "जन्मभर लोकास्नी चढवलं-उतरवलं, आन् आता मलाच हात धरून उतरवत्यात," हे सांगून झाल्यावर मात्र टकटक नसायची. बीपी आटोक्यात आलं तर लेक एकटं सोडणार होती.

पण पहिल्याच चित्राला घोळ झाला. एमआरआयमध्ये पेशंटच्या हातात रबरी फुगा देतात, घाबरलं तर दाबायला. यंत्राची धडधड जरा थांबली की मास्तर तो दोनदा दाबायचे. टेक्निशियन धावत आत.

"काय होतंय, काका?"

"काय न्हाय. डबल दिली. जाऊ द्या!"

तेवढ्यात डोकं हललेलं, चित्र वाया. असं वरचेवर झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता बिघडलं तर नाव काढावं लागेल. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

मी वाकून म्हणाले, "मास्तर, आत तुम्ही कंडक्टर नाही. पॅसेंजर आहात."

ते विचारात पडले. "व्हय की. पॅशिंजरनं बेलच्या दोरीला हात लावायचा न्हाय."

मग आत असे निजले, की टेक्निशियनच काळजीनं काचेतून डोकावू लागला.

बीपी उतरलं. पुढं कोण कुठल्या गटात ते उघड झालं, तेव्हा कळलं की मास्तर नकली सुयांचे. विनातिकीट! वेळच्या वेळी घेतलेल्या गोळ्यांनी उतरलं म्हणा, की एसटीच्या ओढीनं, देव जाणे. हे ऐकून ते पोट धरून हसले असते. पण तोवर ते झोपेतच गेले होते. ही चुटपुट माझ्या मनातून अजून जात नाही.

मला ते दिसतात ते लेकीनं सोडलं त्या दिवशीचे. परंड्याच्या स्टँडवर सोनारीच्या गाडीत खिडकीशी बसलेले, हातात तिकीट. कंडक्टर चढला, दार लागलं. सवयीनं मास्तरांचा हात वर दोरीकडं गेला, तसा त्यांनी तो मागं घेतला आणि निरोप द्यायला खाली उभ्या असलेल्या मला खिडकीतून म्हणाले, "म्या आज पॅशिंजर. डबल तुमी द्या, ताई."

मी पत्र्यावर दोनदा थाप मारली. गाडी हलली, आणि मास्तरांनी मागं वळूनही पाहिलं नाही.