सरळ केलेलं चित्र

माझी आत्या चित्रकार आहे म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे कुठे शिकवतात का?" नाही. ती काढते. एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात अकरा वर्षं तिचं चित्र येत होतं. 'येत होतं' का म्हणतोय, तेच सांगायला बसलोय.

तिची चित्रं स्वप्नातली, पण स्वप्न घरातलंच. भांड्यांच्या सिंकमधून नदी निघालीय, खरकट्या ताटल्या होड्यांसारख्या चालल्यात, लांब क्षितिजावर साबणाचा डोंगर. किंवा विस्कटलेल्या चादरीच्या सुरकुत्यांचा घाट झालाय आणि मुंगीएवढी बस तो चढतेय. खाली तिचीच ओळ: "हा प्रदेश घडी घालेपर्यंतच नकाशावर आहे." वाचकांना वाटायचं, बाई हळव्या मनाची असणार, सावकाश बोलणारी. आम्ही घरचे पोट धरून हसायचो. आत्या गप्प असते ती फक्त ब्रश दातात धरलेला असताना. आजोबांनी तिला एकदा दरडावलं होतं, "उलट बोलतेस?" तर ही म्हणे, "सरळ बोलले की ऐकता का?" तेव्हा ती सात वर्षांची होती. पुढे सुधारणा झाल्याचं ऐकिवात नाही.

तर तो रविवार. चित्र असं होतं: वर अख्खं घर वटवाघळासारखं उलटं लटकलेलं. छप्पर खाली, पाया आभाळात; खुर्च्या, कपाट, भिंतीवरचं घड्याळ, दारातल्या चपला, सगळं उलटं. आणि खाली ढगावर एक बाई पाय रोवून सरळ उभी, दोरीवर कपडे वाळत घालतेय. ओळ होती: "घर सरळ राहावं म्हणून रोज मी उलटीपालटी होते. आज घरानं व्हावं." या चित्राला तीन आठवडे लागले. नुसती बाईची मान तिनं नऊदा खोडली होती.

छापून आलं तेव्हा घर सरळ होतं. बाई डोकं खाली, पाय वर. ओळ तशीच.

"छान आलंय गं," म्हणत काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, पेपर तिच्या हातात दिला. तिनं तो एकदा सरळ धरून बघितला, एकदा उलटा. मग आत्या बोलली, आणि बराच वेळ दुसऱ्या कुणाला बोलता आलं नाही.

"अगं, स्वप्नातलं चित्र ते," काकांनी धीर करून म्हटलं. "स्वप्नात कुठलं आलंय वर-खाली?"

"तुमच्या स्वप्नात नसेल. माझी मी जागेपणी बघते."

खरी आग लागली ती सहीमुळे. चित्र फिरलं तर कोपऱ्यातली सहीही उलटी व्हायला हवी. ती सरळ होती. म्हणजे कुणीतरी ती कापून, फिरवून, पुन्हा जागेवर नीट बसवली होती.

"ही चूक नाही," आत्या म्हणाली. "ही मेहनत आहे."

सोमवारी आत्या आणि मी दैनिकाच्या कचेरीत. स्कूटर तीच चालवत होती आणि प्रत्येक सिग्नलला थांबत होती. आत्या नियमानं गाडी चालवायला लागली की समजावं, आज कुणाची तरी धडगत नाही.

पुरवणीचे संपादक हसून उठले. "या ताई! अहो, लोकांना उलट आवडलंय. कालपासून ईमेलवर सतरा पत्रं! हे ऐका, 'गृहिणीची घुसमट किती सूचकपणे...'"

"उलट आवडलंय, कळलं. सुलट कुणी बघितलंय का?"

तिचं म्हणणं एवढंच होतं: तेच चित्र, त्याच जागी, त्याच आकारात सरळ छापा आणि खाली एक ओळ द्या की चूक पेपरची. नाहीतर यापुढे चित्र नाही.

"सरळ छापतो की! पण खाली कबुली कशाला?"

"कबुली नसेल तर लोक म्हणतील, बाईला काही सुचेना, तेच फिरवून पुन्हा खपवतेय. कुणी फिरवलं? बोलवा त्यांना."

पुरवणीची पानं लावणारे गृहस्थ आले. निवृत्तीला टेकलेले, गळ्यात दोरीनं बांधलेला चष्मा, खिशात भिंग. चेहरा शाबासकी घ्यायला आल्यासारखा.

"मीच केलं ताई. शुक्रवारी पान लावताना बघतो तर घर उलटं! म्हटलं, घाईत उलटं स्कॅन झालंय. तसंच गेलं असतं तर तुमचं नाव खराब. सहीपण सरळ करून घेतली. कोण बघतं एवढं?"

आत्याचा आवाज एकदम खाली आला. आमच्या घरात या आवाजाला सगळे टरकतात.

"खालची बाई दिसली तुम्हाला?"

"दिसली ना."

"ती सरळ उभी होती."

"होती."

"फिरवल्यावर डोक्यावर आली."

"आली, तेही बघितलं मी. पण ताई, दोन्ही काही सरळ होईनात. म्हटलं, घर सरळ असलं म्हणजे झालं."

संपादक हसले. एकटेच. मला राग त्या गृहस्थांचा यायला हवा होता, आलाही. पण त्याहून चीड त्या हसण्याची आली. अकरा वर्षांत त्या इमारतीत आत्याच्या चित्राला भिंग लावणारा हा एकच माणूस निघाला, आणि त्यानं नीट बघून हे केलं. आणि संपादकांना त्यात गंमत दिसत होती!

आत्याचा चेहरा बघून संपादकांनी हसू आवरलं. कागद ओढून लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे मागील अंकातील चित्र उलटे छापले गेले. क्षमस्व.' आणि तिच्यापुढे सरकवलं. "घ्या. आता तरी समाधान?"

आत्यानं त्यांच्याच पेननं 'तांत्रिक कारणामुळे' खोडलं, वाक्य सुधारून कागद परत केला: 'घर सरळ दिसावे म्हणून मागील अंकातील बाई उलटी छापली गेली. क्षमस्व.'

पानं लावणाऱ्यांनी वाकून वाचलं आणि मान डोलावली. "बरोबर. असंच झालं."

"तुम्ही गप्प बसा हो!" संपादक म्हणाले. "ताई, हे छापता येणार नाही. लोक हसतील."

"मघाशी तुम्ही हसलात ते चाललं?"

"एका शब्दासाठी अकरा वर्षांची जागा सोडणार?"

"'घर सरळ दिसावे म्हणून', चार शब्द आहेत. मोजा. आणि माझं मूळ चित्र आणून द्या."

पुढच्या रविवारी त्या कोपऱ्यात गाद्यांची जाहिरात होती. दिलगिरी कुठेच नाही. वर त्याच पानावर वाचकाचं पत्र: चित्रकर्तीनं स्त्रीला उलटं टांगण्याचं धाडस दाखवलं, अभिनंदन! आत्यानं ते मोठ्यानं वाचलं, मग पेपर जमिनीवर अंथरला आणि त्यावर रंगाच्या वाट्या मांडल्या.

मंगळवारी संपादकांचा फोन आला. "जाहिरात एकाच आठवड्याची होती ताई. नवीन काही पाठवताय ना?"

"त्या ओळीचं काय झालं?"

"कुठल्या ओळीचं?"

आत्यानं फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. तो चालतो अजून, हे नशीब.

टेबलावर नवा कागद ताणून लावलेला होता आणि तिनं लगेच पेन्सिल उचलली. काका जवळ जाऊन उभे राहिले, जरा घुटमळले.

"काढतेस ते ठीक आहे गं. पण आता देणार कुठे?"

"कुठेच नाही. सरका बाजूला, उजेड अडवताय."