शेजारचा स्नो गम

बाबा नागपूरहून परदेशात, सरेला आमच्याकडे आले, त्या उन्हाळ्यात शेजारच्या आजींशी त्यांची गट्टी जमली ती एका झाडामुळे. आजी मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. त्यांच्या नवऱ्याने तिकडच्या डोंगरातल्या आपल्या गावाहून बी आणून बॅकयार्डात ते झाड लावलं होतं. नवरा गेला, आणि झाडाचं नाव विचारायचं आजींचं राहून गेलं.

"निलगिरीच आहे," बाबा म्हणाले. जन्मभर त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. "पण तिच्या शेकडो जाती. नीट बघावं लागेल."

मग सकाळचा चहा झाला की दोघं झाडाखाली. साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटत होती; आत पांढरं, राखाडी, मध्येच पिवळसर. एकदा बाबांनी जाडसर पान उन्हात धरून मला हाक मारली.

"अगं, हे बघ. आपल्याकडच्या निलगिरीत मधल्या शिरेतून बारीक शिरा तिरक्या फुटतात. इथे सगळ्या देठापासून टोकाकडे समांतर धावताहेत." कळ्यांचे झुपके, पेल्यासारखी फळं, सगळं पाहून झालं. "स्नो गम. बर्फाळ डोंगरातली जात. सांग त्यांना."

मी इंग्रजीत सांगितलं. आजींनी बुंध्यावर तळहात टेकला. "म्हणजे माझ्या नवऱ्याच्या गावच्या घरामागे होती तीच," त्या म्हणाल्या.

बाबा परत गेले. त्या विंटरमध्ये अचानक कडाक्याची, बर्फातल्या त्या झाडालाही न सोसणारी थंडी पडली आणि झाडाची पानं तपकिरी झाली. मार्चमध्ये फांद्या खरवडून पाहिल्या, हिरवं काहीच नव्हतं. आजींच्या मुलाने माणसं बोलावून झाड कापून घेतलं. बुंध्याचाही मशीनने भुगा केला.

मी फोनवर बाबांना सांगितलं.

"बुंधा ठेवलाय ना?"

"नाही. तोही काढला."

बाबा म्हणाले, "त्याच्या बुडाशी गाठ असते गं. वरचं सगळं मेलं तरी तिथून कोंब येतात. उन्हाळाभर थांबायला हवं होतं. नाव तेवढं सांगितलं मी, हे सांगायचं सुचलंच नाही."

आजींनी मला विचारलं, "बाबा काय म्हणाले?" मी खरं ते सांगितलं. त्या भुशाच्या ढिगाकडे बघत राहिल्या. "त्यांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी निरोप दिला. बाबांनी लावून घ्यायचं ते घेतलंच.