काकूचे हिरवे हात
टोमॅटोच्या पानांचा उग्र, हिरवट वास आला की मला बाप्तिस्मा आठवतो. नारायणगावजवळच्या वस्तीवर आमचं एकच ख्रिस्ती घर. धाकटी बहीण दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि निळी पडायला लागली. वडील जीप आणायला धावले. घरात आई, मी आणि टोमॅटोची तोडणी टाकून आलेली शेजारची काकू. आईला उठवत नव्हतं. बाप्तिस्म्याविना पोर जाऊ नये म्हणून ती काकूला म्हणाली, "अक्का, मी सांगते तसं म्हणा आन् पोरीच्या कपाळावर पानी वता." काकू कचरली. "आमी ओझरच्या गणपतीला जानारी मानसं. माझ्या हातनं चालंल व्हय?" आई म्हणाली, "जिवावर बेतल्यावर कुनाच्याबी हातनं चालतं." काकूनं पानांनी हिरवे पडलेले हात खसाखसा धुतले, तरी वास गेला नाही. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तिनं पाणी ओतलं. पोर जगली. पुढे फादर म्हणाले, "बाप्तिस्मा झालाय. तो पुन्हा द्यायचा नसतो." आता दर ईस्टरला चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वचनं नव्यानं दिली की बहीण तिथलं पवित्र पाणी आणून काकूच्या तळहातावर घालते. काकू ते तीर्थासारखं पिते आणि ओला हात स्वतःच्या डोक्याऐवजी बहिणीच्या डोक्यावरून फिरवते.