रऊफभाईंना सगळ्यांचे पिन पाठ

बँक कार्ड देते तेव्हा सोबत एक माहितीपुस्तिका देते. ती कुणी वाचत नाही, म्हणून किस्से होतात! चितेगावच्या आमच्या कंपनीची बस रोज संध्याकाळी आम्हाला शहरात आणून सोडते. तेवढ्या वाटेत इतके किस्से जमतात की घरी पोचेपर्यंत निम्मे विसरून जातात. उरलेले सांगते.

आधी रऊफभाई. स्टोअरमधले, बसच्या दाराजवळच्या सीटवरचे. पगाराच्या दिवशी वाटेतल्या एटीएमपाशी बस थांबायची. सगळे उतरले की ड्रायव्हर खवळायचा, म्हणून एकटे रऊफभाई उतरायचे, हातात सगळ्यांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन. आणि आम्ही खिडकीतून पिन ओरडायचो! शेजारच्या पानटपरीवाल्यालासुद्धा ते पाठ झाले असतील. पण इतक्या वर्षांत कुणाचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही.

*

आमचे पिन म्हणजे घरातल्या कुणाची तरी जन्मतारीख. सुपरवायझर देशमुखांचा तेवढा वेगळा, त्यांच्या लग्नाची तारीख. एका संध्याकाळी ते बसमधून उतरायला लागले, तसं रऊफभाईंनी त्यांना अडवलं.

"देशमुखसाब, आज तुमचा पिन है! भाभी के वास्ते गजरा लेके जाओ."

देशमुखांचा संसार त्या दिवशी डेबिट कार्डानं वाचवला.

*

क्रेडिट कार्डानं मात्र तो बुडवायला घेतला. खरेदीवर पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर मिक्सर फुकट मिळतो, हे देशमुखांना कळलं. त्या फुकटच्या मिक्सरसाठी त्यांनी फ्रिज घेतला, सोफा घेतला आणि वहिनी नको नको म्हणत असताना ट्रेडमिल घेतली. पहिलं बिल आलं तेव्हा बसमध्ये चक्क पेढे वाटले!

"एवढं सामान नेलं, अन् बँक म्हणती, सध्या इतकुसेच भरा. लई दिलदार माणसं!"

बिलावरचं 'किमान रक्कम' एवढंच वाचून त्यांनी कागदाची घडी घातली होती. व्याजाचं पुढच्या पानावर होतं. पुढच्या महिन्यात पेढे आले नाहीत. ट्रेडमिलवर सध्या कपडे वाळतात.

*

त्या कार्डाचे मेसेज वहिनींच्या फोनवर जातात, हे देशमुखांना ठाऊकच नव्हतं. एकदा "ओव्हरटाइम आहे" असं घरी सांगून ते मित्रांबरोबर ढाब्यावर गेले आणि बिल ऐटीत कार्डावर दिलं. हात पुसतायत तोवर वहिनींचा फोन.

"अहो, दौलताबादला ओव्हरटाइम कधीपासून सुरू झाला?"

पुढं एका भामट्यानं देशमुखांना फोन लावला, तो नेमका वहिनींनी उचलला.

"मॅडम, ताबडतोब ओटीपी सांगा, नाहीतर साहेबांचं कार्ड कायमचं बंद होईल!"

"व्हय? मग करा की दादा! लई उपकार होतील तुमचे!"

फोन भामट्यानंच ठेवला.

*

सिल्लोडचे जाधव आमच्यातले सगळ्यात सावध. नुसतं टेकवलं की पैसे कापणारं कार्ड त्यांना मिळालं आणि त्यांची झोप उडाली. गर्दीत कुणी खिशाला मशीन लावलं तर? म्हणून ते कार्ड फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायला लागले. एकदा पेट्रोल पंपावर टाकी फुल करून त्यांनी खिशातली पुडी काढली आणि हलक्या हातानं उलगडली. पंपावरचा पोऱ्या बघतच राहिला.

"काका, रोख चालंल, यूपीआय चालंल. धपाटं नाय चालत!"

कार्ड जेवणाच्या डब्यात सापडलं, लोणच्याशेजारी.

*

मग बँकेचे एक साहेब कंपनीत व्याख्यानाला आले. "पिन सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. जन्मतारीख ठेवायची नाही. बटणं दाबताना दुसऱ्या हातानं झाकायचं." बोलले ते सगळं खरंच होतं. आम्ही माना डोलावल्या आणि शहाण्यासारखे पिन बदलले.

पुढच्या पगाराला एटीएमपाशी बस थांबली. रऊफभाई सवयीनं उठले आणि त्यांनी हात पुढं केला. कुणीच कार्ड दिलं नाही. देशमुख खिडकीबाहेर बघायला लागले, जाधव बुटाची लेस बांधायला लागले.

"हौ, हौ, सही है," रऊफभाई म्हणाले. "साब बोले वो बराबर है." आणि आपलं एकच कार्ड घेऊन उतरले. मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांचा भरवसा, आणि आम्ही तो एका व्याख्यानात गुंडाळून टाकला.

*

काही महिन्यांनी तेच साहेब पुन्हा व्याख्यान द्यायला आले. परत निघताना त्यांची गाडी बंद पडली, म्हणून ते आमच्या बसमध्ये बसले. दिवस नेमका पगाराचा! एटीएमपाशी हल्ली अख्खी बस उतरते. रांग पार पानटपरीच्या पुढं गेलेली. आत आधीच कुणीतरी होतं. रऊफभाई दाराजवळ बसणारे, म्हणून आमच्यात पहिले. साहेब शेवटचे.

साहेब सारखं घड्याळ बघत होते. शेवटी रांग सोडून पुढं आले.

"चाचा, तेवढे माझेही काढता का? माझी रेल्वे चुकेल हो."

रऊफभाईंनी कार्ड घेतलं आणि वळून एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"पिन, साब?"

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग शिकवल्याप्रमाणे दुसरा हात नीट आडवा धरला आणि रऊफभाईंच्या कानात पिन सांगितला.

रऊफभाई आत गेले. बाहेर आले आणि त्यांनी नोटा, कार्ड साहेबांच्या हातात ठेवलं.

"गिन लो साब. और अगले महिने बच्चे की सालगिरह है ना? मुबारक हो!"