नाक्यावरची गाडी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून, शिवणखोली होती. फाटक्या चादरी, उसवलेले गाऊन, डॉक्टरांचे कोट सगळं तिथे यायचं आणि काकूंच्या हाताखालून जायचं. काकूंना समोर सगळे काकू म्हणत, पाठीमागे कात्री. जिभेला धारच तशी होती. पेशंटच्या गाऊनला खिसा का नसतो, असं एका मोठ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, तर खिशात ठेवण्याजोगं त्यांच्याकडे तुम्ही काही शिल्लक ठेवता का, असं त्यांनी तोंडावर विचारलं होतं.

नवरा लवकर गेलेला, थोरली लग्न होऊन लांब. उरला धाकटा. त्याचा कारखाना बंद पडला आणि तो सैन्यात भरती झाला. पुढच्याच वर्षी त्याची तुकडी परदेशी गेली. तिथे दोन गटांची कापाकापी चालली होती, ती थांबवायला. त्या देशाचं नावही काकूंनी आधी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली भांडणं सोडवायला माझंच पोर सापडलं का, हे त्या लिफ्टवाल्यापासून मेट्रनपर्यंत सगळ्यांना ऐकवत.

आणि नेमकी त्याच देशातून आलेली एक बाई त्यांच्या समोरच्या मशीनवर येऊन बसली. सोबत एक लहान मुलगी, भाषा मोडकीतोडकी. सगळे तिला नवी म्हणू लागले आणि पुढे ती जुनी झाली तरी नवीच राहिली. काकूंनी तिला चादरीची कड मुडपायला शिकवलं, बोलायलाही शिकवलं. त्यामुळे दोरा तुटला की नवीच्या तोंडून काकूंच्याच शिव्या अगदी काकूंच्या सुरात निघत. दुपारचा डबा दोघी एकत्र खात. अशाच एका दुपारी नवीने सांगितलं होतं, की परकं सैन्य आलं त्या सकाळी तिच्या गल्लीतली कत्तल थांबली. तिच्या नवऱ्याला त्याच्या आदल्या आठवड्यात रस्त्यात अडवून नेलं होतं. तो परत आला नाही.

मग सैन्य तिथे ठेवायचं की परत बोलवायचं, हा प्रश्न सरकारपुढे आला आणि गावभर वाद पेटले. कामगार संघटनेने दोन्ही बाजू ऐकायला जाहीर सभा ठेवली. सेक्रेटरी हुशार माणूस. ‘परत बोलवा’ म्हणायला त्याने काकूंना गाठलं. सैनिकाची आई बोलली की सभा हलते, हे त्याला ठाऊक होतं. ‘राहू द्या’ म्हणायला त्याने कोणाला विचारलंय, ते काकूंना दोन दिवसांनी कळलं. नवीला.

तेव्हापासून शिवणखोलीत फक्त मशीनचा आवाज राहिला. नवी डबा घेऊन बाहेर जिन्याशी बसायला लागली. काकूंनीही हाक मारली नाही.

धाकट्याचा फोन आठवडाभर आलेला नव्हता. तो आला सभेच्या आदल्या दिवशी, ऐन कामात. काकू धावत पॅसेजमध्ये गेल्या.

“आई, मी बरा आहे,” तो म्हणाला, आणि हा बरा नाही हे त्यांना तिथेच कळलं.

मग तो तुटक तुटक सांगत गेला. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्या तपासणी नाक्यावर एक गाडी आली. यांनी हात दाखवले, ओरडले, तरी ती थांबेना. महिन्यापूर्वी अशाच एका गाडीत स्फोटकं निघाली होती आणि याचे दोन सोबती गेले होते. यांनी गोळ्या झाडल्या. गाडीत एक म्हातारा होता आणि दोन बायका. स्फोटकं नव्हती.

“तू झाडल्यास?”

“सगळ्यांनी. मीपण. कोणाला बोलू नकोस.”

काकू परत मशीनवर बसल्या आणि हातातला कोट पुढे शिवू लागल्या. थोड्या वेळाने समोरून आवाज आला, “काकू, बाही बंद झाली.” खरंच, बाहीचं तोंड त्यांनी शिवून टाकलं होतं. उसवायला त्यांनी सुई घेतली आणि तशीच खाली ठेवली. कोणाला सांगायचं नाही असं ठरवूनच त्या आत आल्या होत्या. पण सगळ्या जगात ज्या एका बाईला हे सांगू नये, तिलाच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

नवीने एवढंच विचारलं, “कोणता रस्ता?”

काकूंना माहीत नव्हतं. नवीची बहीण अजून तिथेच राहत होती. नवी फोन लावत राहिली आणि फोन लागेना. काकू समोर बसून बघत होत्या. त्या गाडीत हिचीच बहीण निघाली तर? उद्यापासून या खोलीत कोणी कोणाकडे बघायचं? धुलाईखान्यातून कपड्यांचा गठ्ठा आला, तो तसाच पडून राहिला. दिवे लागायच्या सुमाराला एकदाचा फोन लागला. नवी तिच्या भाषेत भराभर काहीतरी बोलली आणि त्या गठ्ठ्यावरच मटकन बसली. बहीण घरात होती. काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. गाडीत कोणाची तरी बहीण होतीच की.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला होता. सेक्रेटरीने काकूंना आधी उभं केलं. नाक्यावरची ती एक गोष्ट बोलल्या असत्या तर सभा त्यांची होती, आणि ती अगदी जिभेवर आली होती. पण पोराने शब्द घेतला होता. वर्षभर बोलत होत्या तेच त्या बोलल्या, माझं पोर परत द्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या पडल्या. कात्रीला आज धार नव्हती, हे फक्त रोजच्या माणसांना कळलं.

मग नवी उठली. गल्लीतली ती सकाळ तिने सांगितली, नवऱ्याबद्दल सांगितलं. आणि मग ती म्हणाली, “गेल्या आठवड्यात तिथल्या नाक्यावर एका गाडीवर गोळ्या झाडल्या. आत साधी माणसं होती. झाडणारे तुमचे सैनिक होते.”

काकूंना वाटलं, पुढच्या वाक्यात ही धाकट्याचं नाव घेणार. नवीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मागून एक माणूस तावातावाने उठला. बाई नक्की कोणाच्या बाजूने बोलताय, असं त्याने विचारलं.

“सैन्य गेलं तर माझी बहीण मरेल,” नवी म्हणाली. “राहिलं तर दुसऱ्या कोणाची मरेल. मी राहू द्या म्हणते, कारण ती माझी बहीण आहे. जगाचं मला माहीत नाही.”

हात वर करायला सांगितले तेव्हा काकूंनी ‘परत बोलवा’ला हात केला. नवीने दुसऱ्या बाजूला केला. परत बोलवा म्हणणारे पुष्कळ जास्त निघाले. सरकारने अर्थातच आपल्या मनाचं केलं, सैन्य आणखी काही महिने ठेवलं आणि मग हळूहळू परत आणलं. नवीच्या बहिणीने तोवर सीमा ओलांडली होती. तिच्या गल्लीत मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, ते नीटसं कोणालाच कळलं नाही.

धाकटा घरी आला. खायचा, झोपायचा, खिडकीशी बसायचा. जुने मित्र आले की आत जायचा. नवी मात्र एका रविवारी आली तेव्हा तो बाहेर येऊन बसला. ती कुठली आहे, हे त्याला आईने सांगितलेलं होतं. चहा निवत ठेवून त्याने तिला विचारलं, की नाक्यावर ओरडायला आम्हाला तुमच्या भाषेतला एक शब्द शिकवला होता, तो बरोबर होता का? आणि त्याने तो शब्द उच्चारला.

नवीने त्याला तो परत म्हणायला लावला. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “थांबा, असाच अर्थ आहे.”

त्याने मान हलवली आणि उठून आत गेला. शब्द चुकीचा निघाला असता तर बरं झालं असतं, असा त्याचा चेहरा होता.

काकू तिला सोडायला जिना उतरून गेल्या. खालच्या पायरीवर त्यांनी तिचा दंड धरला. “खरं सांग. बरोबर होता?”

“बरोबरच होता. पण काकू, आमच्याकडे बंदूकवाला थांबा म्हणाला की कोणी थांबत नाही. माझा नवरा थांबला होता.”

काकूंनी तिचा दंड सोडला.

“हे त्याला का नाही सांगितलंस?”

“सांगून बरं वाटेल की वाईट, ते कळेना.”

“मलाही कळत नाही,” काकू म्हणाल्या. “चल, सांगूया.”

आणि दोघी परत जिना चढू लागल्या.