भाऊ धुऱ्यावर उभा राहायचा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते थोरल्या भावाचे. त्याने आठवीत शाळा सोडून नांगर धरला, म्हणून आरमोरीजवळच्या आमच्या खेड्यातून मी बी.ए. झालो आणि सिरोंच्याला मास्तर म्हणून लागलो. त्याच भावावर मी एकदा पाळत ठेवली.

मी कॉलेजात असताना भावाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले होते. नागपूरच्या गोळ्यांनी तो सावरला. त्या गोळ्यांनी हात थरथरायचे, त्यासाठी आणखी एक गोळी होती. असं सहा-सात वर्षं चाललं. ऐंशी सालानंतरच्या एका दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो, तेव्हा शेजारचा शेतकरी दारात उभा.

"मास्तर, तुहा भाऊ रोज सकाळी माह्या धुऱ्यावर येऊन काय करते? घंटाभर पाठ करून उभा राह्यते. अन् माहं धान पोचट निघून राह्यलं."

"काय म्हणायचं हाये तुमाले?"

"मी काई म्हणत नाई, लोक म्हणून राह्यले. पुन्हा धुऱ्यावर दिसला तं पाहून घेऊ."

भाऊ करणी करतो, असा त्याचा अर्थ होता. अशा संशयावरून आमच्या भागात माणसं मारली गेल्याचं मी ऐकलं होतं.

करणीवर माझा विश्वास नव्हता, पण संशय मलाही होता. वाटलं, भाऊ गोळ्या जिभेखाली धरतो आणि शेतात नेऊन थुंकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाआड बसलो. भाऊ आला, धोतर सावरून उभा राहिला, तो हलेचना. जवळ गेलो तर चेहरा घामाने डबडबलेला.

"भाऊ, काय झालं?"

"लघवी उतरत नाई रे. घरी तुही वहिनी, पोरी. कुठी एवढा येळ उभा राहू?"

"सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं म्हणाले असते, याचं डोस्कं पुन्हा फिरलं."

तेवढ्यात शेजारी काठी घेऊन आलाच. मी खरं काय ते सांगितलं. त्याला तो बनाव वाटला.

"मंग चाला आमच्यासंगं दवाखान्यात," मी म्हणालो. तो खरंच आमच्या बैलबंडीत बसला. वाटभर भावावरची नजर काढली नाही.

डॉक्टरांनी नागपूरच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचली, पोट दाबून पाहिलं. म्हणाले, या दोन्ही गोळ्यांनी, जास्त करून थरथरीच्या गोळीने, तोंड कोरडं पडतं आणि लघवीची पिशवीही सुस्तावते.

"गोळी डोक्याची, अन् अडते खाली?" शेजारी म्हणाला.

डॉक्टरांनी नळी घातली. भांडं काठोकाठ भरलं. दुसरं भांडं शेजाऱ्यानेच धावत आणून दिलं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या गावाला हकीकत सांगितली. भाऊ वाचला, पण लाजेने घराबाहेर पडेना. मी सिरोंच्याला परतलो आणि आठवडाभरात वहिनीचा निरोप आला: भाऊ गोळ्या घेत नाही. मी त्याच दिवशी पत्र टाकलं.

"भाऊस जयभीम.

मी खुशाल आहे. थरथरीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली आहे, तेवढीच घे. डोक्याची गोळी स्वतःच्या मनाने सोडू नको. ती बदलायची का, हे विचारायला मी सुट्टी काढून तुझ्यासोबत नागपूरला येतो. लघवी पुन्हा अडली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. गावाला कळलं ते माझ्यामुळे. तो राग माझ्यावर काढ, गोळीवर काढू नको. मी तुझ्यावर संशय घेतला, समोर येऊन विचारलं नाही, याची मला शरम वाटते. उलट टपाली उत्तर दे. लघवी होते की नाही, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझा लहान भाऊ"