उसातली गाडी, तोड येईपर्यंत

"म्याडम, तोंडाला ओढणी गुंडाळा. पानं कापत्यात," असं म्हणून मथुराबाई उसात शिरल्या आणि दोन पावलांत दिसेनाशा झाल्या. मी ओढणी गुंडाळली, कॅमेरा पोटाशी धरला आणि त्यांच्या बांगड्यांच्या आवाजामागे चालू लागले. बाहेर माजलगाव-वडवणी रस्त्यावर डोकं भाजणारं ऊन होतं. आत हिरवा अंधार, ओल्या मातीचा वास आणि पानांची एकसारखी सळसळ. थोडं चालल्यावर आपण नेमके कुठल्या दिशेने आलो तेही कळेना.

मी मोटर सर्व्हेअर आहे. म्हणजे अपघात झालेली गाडी विमा कंपनीच्या वतीने बघायची, काय मोडलं, कशाने मोडलं, दुरुस्त होईल की नाही ते लिहायचं. आमच्या बीड जिल्ह्यात माझ्या वाट्याला येतात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जीप, मोटरसायकली आणि लग्नसराईत उलटलेले टेम्पो. जी स्पोर्ट्‌स कार मी फक्त मोबाईलवर बघत आले, ती कधी सर्व्हेला येईल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरून निघताना मी उगाचच चांगला ड्रेस घातला होता.

ऊस बाजूला झाला आणि समोर ती होती. पिवळी, बसकी, दोनच सीटांची, इंजिन पाठीमागे. मोडलेला ऊस तिच्याखाली दबला होता आणि वाकलेला पुन्हा उभा राहिला होता, त्यामुळे ती आली कुठून हेच दिसत नव्हतं. तिथेच उगवल्यासारखी वाटत होती. आरशापासून उसाच्या कांडीपर्यंत एका कोळ्याने जाळं विणलं होतं. आणि आत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, मालक बसला होता.

"नमस्कार म्याडम," तो म्हणाला. "सावकाश बघा. घाई न्हाई."

माझ्या नोकरीत मालकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मालकाचं नाव अंकुश. चाळिशीचा, वडवणीचा. बोअर मारायच्या मशिनी आहेत त्याच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे आणि लहानपणी तोही त्यांच्याबरोबर कोयता चालवायचा. हे त्याने स्वतःच सांगितलं, फुशारकीने नाही आणि लाजूनही नाही. गाडी त्याने दिल्लीहून सेकंडहँड आणली होती. वडवणीकडून येताना रानडुक्कर आडवं आलं, ते चुकवताना गाडी भरावावरून उडाली आणि पाटचारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, काठाला घासून थेट मथुराबाईंच्या उसात घुसली. एअरबॅग फुटल्या, त्याच्या कपाळाला खरचटलं, बास.

पुढचा बंपर, रेडिएटर, डावं चाक, सगळं गेलं होतं. लोक पुढून चेपलेली गाडी बघून हळहळतात. सर्व्हेअरचं लक्ष खाली असतं. या गाड्यांची चौकट, म्हणजे ज्या सांगाड्यावर बाकी सगळं बसवलेलं असतं तो, अ‍ॅल्युमिनियमची असते. जीपसारखी गॅस लावून, ठोकून ती सरळ करता येत नाही. चौकट शाबूत असेल तर सुटे भाग मागवून गाडी पुन्हा उभी राहते. चौकटीला तडा असेल तर दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या पाऊण हिश्श्याच्या वर जातो आणि मग आम्ही 'टोटल लॉस' लिहितो. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगारवाल्याकडे जाते आणि पुन्हा कधी रस्त्यावर येत नाही. अंकुशची गाडी अंकुशकडे राहणार की नाही, हे सगळं त्या चौकटीवर होतं.

पण ती दिसावी कशी? मी जायच्या आदल्या दिवशी मथुराबाईंची पाणीपाळी होती. रान भिजलं आणि गाडी चिखलात पोटापर्यंत बसली. मी सरीत आडवी झाले, ड्रेसचं व्हायचं ते झालं, आणि मला दिसला फक्त चिखल. क्रेनने उचलल्याशिवाय इलाज नव्हता. रस्त्याकडून मध्ये पाटचारी, क्रेनचा हात तिथवर पोचत नव्हता. मागून, बांधाकडून यायचं तर उभं पीक तुडवत यावं लागणार.

बाहेर येऊन मी ऑफिसात साहेबांना फोन लावला.

"मॅडम, फोटोवरून टोटल लॉस टाकून द्या."

"चौकट बघितली नाही, सर."

"मग बघा."

"मध्ये ऊस आहे, सर."

"मग ऊस तोडा."

"ऊस माझा नाही, सर."

शेवटी साहेब कबूल झाले की क्रेनपुरती वाट पाडू आणि मथुराबाईंना भरपाई देऊ. मथुराबाईही तयार होत्या. आडून बसला तो अंकुश.

"काकूच्या उभ्या उसात क्रेन घालायची न्हाई," तो म्हणाला. "कारखान्याचं बॉयलर पेटलंय, आपला नंबर लागला की तोड येईल. तवर राहू द्या."

"आरं, मला चालतंय ना," मथुराबाई म्हणाल्या.

"मला न्हाई चालत."

त्याच्या परवानगीशिवाय गाडीला हात लावता येत नाही. मला मात्र हा माणूस आवडला. स्वतःची एवढी किमती गाडी चिखलात असताना दुसऱ्याच्या पिकाची काळजी करणारे किती असतात? मी साहेबांना तसं कळवलं. साहेब म्हणाले, "भोळी आहात."

गाडीची बातमी अंकुशच्या ग्रुपवर गेली. स्पोर्ट्‌स कारवाल्यांचा एक ग्रुप असतो हे मला तेव्हा कळलं. रविवारी बांधावर पांढरे बूट घातलेली माणसं उतरली. त्यातले दोघे बोलण्यात पुढे होते. एक छत्रपती संभाजीनगरचे दातांचे डॉक्टर, त्यांच्याकडे हेच मॉडेल होतं. दुसरा माजलगावच्या एका बड्या बागायतदार घराण्यातला रणजित. त्याने नवं मॉडेल बुक केलं होतं. दोघे गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि आत बसलेल्या अंकुशच्या डोक्यावरून वाद घालू लागले.

"ही वाचवलीच पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "असं इंजिन आता कंपनी करत नाही. नव्याला टर्बो लावलाय. त्याने आवाज दबतो म्हणून स्पीकरमधून आवाज सोडतात. इंजिनाचा आवाज, आणि स्पीकरमधून. म्हणजे जेवणाचा फोटो चाटण्यासारखं आहे."

"आवाज काय करायचा डॉक्टर?" रणजित म्हणाला. "नव्याला नोज लिफ्ट हाय. बटन दाबलं की गाडीचं तोंड वर उचलतंय. आपल्याकडं गावागणिक गतिरोधक, एकेक म्हशीच्या पाठीएवढा. अंकुश्या, स्क्रॅप कर बे ही. विम्याचं घे आन नवी बुक कर."

"नव्याच्या आत सगळ्या काचाच काचा. मोबाईलला चाकं लावलीत नुसती."

"आन हिला? हिला उसात लावलंय."

मग मला समजावून सांगण्याची त्यांच्यात चढाओढ लागली. डॉक्टरांनी मला रेडिएटर म्हणजे काय ते सांगितलं. मी वहीत मान घालून ऐकून घेतलं. आमच्या धंद्यात फुकटचं ज्ञान नाकारायचं नसतं, त्यामुळे वेळ जातो आणि माणसं मोकळी बोलतात.

परतताना रणजितला एक युक्ती सुचली. आमच्याकडे ऊस पेटला की कारखान्याला तो लगेच न्यावा लागतो, नाहीतर रस आटतो. तोडीच्या नंबरची वाट बघायची गरज उरत नाही.

"काकू, काडी लावू का उसाला?" तो म्हणाला. "दोन दिवसांत तोड येईल, गाडी मोकळी."

बरेच जण माना डोलवायला लागले. मथुराबाईंनी कमरेवर हात ठेवला.

"आन गाडी कुठं हाय रं?"

पांढरे बूट चिखल झटकत निघून गेले.

त्यानंतर मी अधूनमधून तिथे जायची. गाडीची स्थिती तपासायला, असं मी रिपोर्टमध्ये लिहायचे. खरं सांगायचं तर मला तिथे जावंसं वाटायचं. दुपारी त्या बाजूला कामं निघायची आणि माझी स्कूटी आपोआप त्या बांधाला लागायची. अंकुश बहुतेक वेळा आत असायचा. मशिनी पोरांवर सोपवून येऊन बसायचा.

एकदा त्याने पलीकडचं दार उघडलं. "बसा म्याडम."

मी मथुराबाईंकडे बघितलं. "बसा बसा," त्या विळा सांभाळत म्हणाल्या, "मी हाय हितं."

मी बसले. सीट इतकी खाली की जमिनीवर पाय पसरून बसल्यासारखं वाटलं. तडकलेल्या काचेतून ऊन हिरवं होऊन आत येत होतं. पानं छताला घासायची, तेवढाच आवाज.

"कुठं चाललोय?" मी चेष्टेत विचारलं.

"मांजरसुंब्याचा घाट उतरलो आत्ताच," तो म्हणाला. त्याने स्टिअरिंग जरासं वळवलं. "फुडं रस्ता मोकळा हाय. डाव्या हाताला ज्वारी उभी हाय बगा, कमरेएवढी."

तो सांगत गेला. रस्त्यावर खड्डा नाही, गतिरोधक नाही, मागे मोबाईल धरून लागलेली मोटरसायकल नाही. पुढे माळ, मग डोंगर, मग कधी न बघितलेला एक समुद्र, ज्याच्या काठाने रस्ता नुसता जातच राहतो. मी डोळे मिटले. मला खरोखर वारा लागला. आयुष्यभर मोडक्या गाड्या बघितल्या, पण त्यातली एखादी धावताना कशी असेल हे मी कधी मनात आणलं नव्हतं. त्या दुपारी मला फार सुखी वाटलं.

मी उतरल्यावर मथुराबाई माझ्या जागी बसल्या. विळा त्यांनी पायाशी ठेवला, डोक्यावर पदर घेतला.

"मला माहेरला सोड. लिंबागणेशला."

अंकुशने बराच वेळ गाडी चालवली. मध्ये एकदा थांबवून त्यांच्या नावाने नारळ आणि पेढे घेतले, म्हणे माहेरी रिकाम्या हाताने जायचं नाही. मग म्हणाला, "काकू, आलं गाव. देवळाचा कळस दिसतोय."

मथुराबाई समोरच्या उसाकडे एकटक बघत होत्या. "दारात कुनी हाय का?" त्यांनी विचारलं.

"समदी हायत."

त्या उतरल्या आणि विळा उचलून चारा कापायला गेल्या.

दिवाळीनंतर तोड आली. ऊसतोड मजुरांची टोळी भल्या पहाटेच रानात उतरली आणि मी पोचेपर्यंत निम्मं शेत आडवं झालं होतं. डॉक्टर आणि रणजितही आले होते, क्रेन बांधावर उभी होती. कोयते पिवळ्या पत्र्याजवळ आले आणि थांबले.

"आमी जवळचा तोडणार न्हाई," मुकादम म्हणाला. मुकादम म्हणजे टोळी घेऊन येणारा म्होरक्या. "कोयता घसरला, गाडीला चरा पडला, तर जन्मभर फेडत बसावं लागंल."

त्यांनी बाकीचं सगळं शेत तोडलं. मोकळ्या रानात उसाचं एक गोल कुंपण तेवढं उरलं आणि आत गाडी. वाऱ्याने पान हललं की मधून पिवळा रंग दिसायचा.

अंकुशने शर्ट काढून बांधावर ठेवला. मुकादमाच्या हातातला कोयता घेतला, धारेवर अंगठा फिरवला आणि वाकला. बुडाशी एक घाव, शेंड्याचं वाढं छाटायला दुसरा, आणि ऊस बाजूला. हात कुठे अडत नव्हता. गाडीच्या अंगाला लागून असलेली कांडी त्याने आधी डाव्या हाताने कुशीत घेतली, मग तोडली. शेवटची कोळ्याच्या जाळ्याची. ती तोडल्यावर त्याने मोळी स्वतः बांधली आणि मथुराबाईंच्या पुढ्यात टाकली. गाडीला एक चरा पडला नव्हता. उघड्या उन्हात ती मला एकदम लहान वाटली, आणि फार मोडलेली.

क्रेनने तिला वर घेतलं. चिखल सुटून पडला. चौकटीला डाव्या चाकाच्या मागून आरपार तडा होता, पाटचारीच्या काँक्रीटचा. बोट जाईल एवढा. डॉक्टर वाकले, रणजित वाकला, मुकादम आणि अख्खी टोळी वाकली. अंकुश वाकला नाही. तो कोयता पुसत होता.

माझ्या ते लक्षात आलं.

"तुम्ही बघत नाही?" मी बाजूला जाऊन विचारलं.

"बघितलंय."

"कधी?"

"पयल्याच दिवशी. काकूनं पानी सोडायच्या आधी. सरीत झोपून बघितलं, मोबाईलच्या बॅटरीनं."

मला राग आला. मी चिखलात लोळले होते, साहेबांची बोलणी खाल्ली होती, आणि हा माणूस पिकाची दया येते म्हणून सांगत होता.

"मग सांगितलं कावून न्हाई?" रागात माझ्या तोंडून पण त्यांचीच बोली निघाली.

"सांगितलं असतं तर तुमी त्याच दिवशी लिहून मोकळ्या झाला असता. दुसऱ्या दिवशी गाडी गेली असती." त्याने कोयता मुकादमाला परत दिला. "घेतल्यापासून जीव मुठीत धरून चालवली म्याडम. खड्डा आला की ब्रेक, कुणी जवळ आलं की हॉर्न. निवांत कधी बसलोच न्हवतो. हितं बसलो."

मी टोटल लॉस लिहिलं, त्याने सही केली. क्लेम रीतसर निकाली निघाला. गाडी ट्रकवर चढवताना मथुराबाईंनी तिच्या पुढे पाणी ओतलं, लेक सासरी निघाल्यासारखं. रणजितची नवी गाडी पुढे आली, आणि ती गतिरोधकावर तोंड उचलते हे सगळ्या माजलगावाने बघितलं. अंकुशने दुसरी घेतली नाही. डॉक्टरांनी कारण विचारलं, तर म्हणाला, फिरून झालं.

सर्व्हेअरने याच्यावरून शिकायचं ते एवढंच, की गाडी बघायच्या आधी मालकाला एक विचारावं: खाली वाकून बघितलंत का? बहुतेक जण लगेच सांगून टाकतात. एखादा गप्प राहिला, तर त्या दिवशी मी रिपोर्ट लिहायला घेत नाही.